बाविसावा प्रश्न

संशोधक प्रश्न विचारतो आणि समोरचा माणूस उत्तरं देतो, असं आमच्या पुस्तकात होतं. प्रत्यक्षात दार उघडणारा माणूसच आधी विचारतो, आणि त्याचा प्रश्न ठरलेला असतो: कुणाची गं तू? आमच्या कोल्हापूर भागात हे प्रेमानंच विचारतात, त्यात वावगं कुणाला वाटत नाही. पण नुसत्या नावानं भागत नाही, गावानंही भागत नाही. आडनाव कळलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. माझा जीव मात्र नेमका तिथंच टांगणीला लागायचा. आज इतकी वर्षं मुलांना समाजशास्त्र शिकवून झाली, निवृत्ती तोंडावर आली, तरी अनोळखी दाराची कडी वाजवताना हात एकदा मागं येतो. तो कधीपासून, हे मला नेमकं सांगता येतं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आम्ही भाड्याची खोली शोधत होतो आणि एका पेठेतल्या बाईंना माझी आई फार आवडली होती. त्यांनी नळ दाखवला, जळण ठेवायची जागा दाखवली, पोरगी गुणी दिसते म्हणून माझ्या गालाला हात लावला. किल्ली त्यांच्या हातात होती, ती आईच्या हातात द्यायची तेवढी राहिली होती. मग त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनायचं तुमचं?" बाबांनी सांगितलं, "कांबळे." बाई किल्लीकडे बघत म्हणाल्या, "अगोबाई, ही खोली भाच्याला द्यायची हाय, मी इसरलेच की!" परत येताना आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घरी आल्यावर त्यावर तिच्या बोटांचे वळ दिसत होते. उघडलेलं दार एका शब्दानं मिटतं, हे मी त्या दिवशी शिकले. त्यासाठी पुढं कुठलंही पुस्तक लागलं नाही.

शेवटी खोल्या मिळाल्या त्या उद्यमनगराच्या पाठीमागं. बाबा फौंड्रीत साचे भरायचे. सकाळी भोंगा झाला की ते सायकल काढत आणि मग दिवसभर आसपासच्या कारखान्यांतल्या लेथचा किर्रर्र आवाज घरात भरून राही. पाहुणे आले की दोन्ही कान झाकायचे, आम्हांला मात्र रविवारी तो आवाज नसला की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बाबांच्या सदऱ्याला जळक्या वाळूचा वास असे, तो कितीही धुतला तरी जात नसे. आई भाकऱ्या थापायची, तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर खर्डा आणि तेलाची धार घालून द्यायची, आणि खाणाऱ्याकडे बघत बसायची. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. घरात पाऊल टाकणारा त्यांच्याकडे बघून आमचं काय ते ओळखायचा. आडनावाच्या बाबतीत मात्र आमच्या घरात दोन पक्ष होते. बाबा म्हणायचे, "मोठ्यानं सांगायचं. चोरी केलीया व्हय आपण?" आणि आई माझी वेणी घालता घालता हळूच म्हणायची, "इचारल्याबिगर सांगायचं न्हाय बग." मी बाबांचं ऐकून मान डोलवायची आणि वागायची आईसारखं.

एम.ए.ला मी समाजशास्त्र घेतलं. संशोधन पद्धतीचा पेपर शिकवायला शिरोळे सर होते. बुटके, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादासारखा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हांला एस.टी. स्टँडवर पाठवलं. तासभर एका जागी बसायचं आणि जे दिसेल तेवढंच लिहून आणायचं. मी लिहिलं होतं, 'एक गरीब बाई बाकावर बसली होती.' सरांनी तांबड्या शाईनं 'गरीब' खोडलं. "गरीब कशावरनं? तुला काय दिसलं? लुगडं फाटलेलं दिसलं का? मग फाटलेलं लुगडं लिही. गरीब हे तुझ्या डोक्यातलं झालं." सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्या एका खोडलेल्या शब्दानं मला या विषयाचं वेड लावलं. माणसं एकमेकांबद्दल जे ठरवून टाकतात ते बाजूला ठेवून नुसतं बघता येतं, ही कल्पनाच मला थंडगार पाण्यासारखी वाटली.

दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष गावात जाऊन मुलाखती घ्यायच्या होत्या. प्रश्नांचे छापील कागद तयार झाले. त्यांना आम्ही अनुसूची म्हणायचो. कुटुंबात माणसं किती, जमीन किती, मुली किती शिकल्या असे प्रश्न आधी, आणि अवघड प्रश्न शेवटी, म्हणजे तोवर समोरचा मोकळा झालेला असतो. बाविसावा प्रश्न असा होता: 'इतर जातीची व्यक्ती आपल्या स्वयंपाकघरात आल्यास आपली हरकत असते का?' सगळ्यात खाली 'निरीक्षणे' असा रिकामा चौकोन, आणि त्याखाली मुलाखतकाराचं नाव व सही. सर म्हणाले, "उत्तर पटो न पटो, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. आणि एक ध्यानात ठेवा. दहातला एक कागद मी काढणार आणि त्या घरी स्वतः जाऊन विचारणार, की आमचं कोण आलं होतं, काय विचारलं. घरी बसून कागद भरलेत तर गाठ माझ्याशी आहे." तो प्रकल्प नापास झाला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर पुन्हा फी भरून मला शिकवण्याइतका बाबांचा पाठीचा कणा आता उरला नव्हता.

गाव कागलच्या पुढं, हमरस्ता सोडून आत होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या घराचंही लिहीत नाही. त्या बाईला मी एकदा फसवलं आहे, दुसऱ्यांदा नको. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना एकेक गल्ली वाटून दिली होती. माझी मैत्रीण शुभांगी पाटील, हातकणंगल्याची, शेजारच्या गल्लीत गेली. ती जाताना 'पटापट उरक गं' म्हणाली आणि मी एकटी उरले. तळहाताला इतका घाम आला होता की वरच्या कागदाची शाई पसरली. पहिलं घर बंद निघालं तेव्हा मला आनंदच झाला. दुसऱ्या घराचं दार मात्र मी हात लावायच्या आधीच उघडलं.

दारात तिशी-पस्तिशीची बाई होती. शेजारीण तिला अक्का म्हणून हाक मारत होती, म्हणून मीही अक्काच म्हणाले. मी कॉलेजचं पत्र पुढं केलं. तिनं ते उलटं-सुलटं करून परत दिलं आणि विचारलं, "कुणाची गं तू?"

"कोल्हापूरची."

"त्ये झालं की. आडनाव काय?"

मला तिच्या हातात किल्ली दिसली. नव्हती, पण दिसली. आणि माझ्या तोंडून आलं, "पाटील."

"कुठलं पाटील?"

"हातकणंगल्याचे," मी म्हणाले. एकदा जीभ घसरली की ती थांबत नाही. तिनं आणखी दोन गोष्टी विचारल्या. शुभांगीच्या घरी मी राहून आले होते, त्यामुळे उत्तरं तयार होती. अक्काचा चेहरा फुलला. "मग आपल्यातलीच की! हितं भायेर सोप्यात कशाला बसतीस, आत ये. भाकऱ्या करत करत सांगते." आतल्या खोलीत तिची सासू शेंगा फोडत बसली होती. "अव्वा, पाटलाची पोरगी आलीया, शिकती ही," अक्का ओरडून म्हणाली. म्हातारीनं मान हलवली. मी चुलीपाशी पाटावर बसले.

तिनं मला जेवायलाच वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची रसरशीत भाजी, वर ताकाचा पेला. नको म्हणायची हिंमत नव्हती. एका हातानं खायचं आणि मांडीवरच्या कागदावर दुसऱ्या हातानं लिहायचं, असं चाललं होतं. अक्का मोकळेपणानं सांगत होती. इतकी खरी मुलाखत मी पुढं फार कमी वेळा घेतली. बाविसावा प्रश्न आला. मी तो वाचला. तिनं भाकरी उलटली आणि सहज म्हणाली, "न्हाय बाई, चुलीपतोर कुणाला येऊ देत न्हाय. पोरांचं दोस्त येत्यात, त्यास्नी सोप्यातच खायाला देतो. अव्वास्नी चालत न्हाय. दुसऱ्या कुणी इचारलं आसतं तर सांगितलं नसतं, तू आपल्यातली म्हनून सांगते." तोंडातला घास मला गिळताही येईना आणि बाहेर काढताही येईना. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये, सर म्हणाले होते. मी लिहिलं, 'हरकत असते.' खालचा निरीक्षणांचा चौकोन कोरा सोडला आणि त्याखाली माझी सही केली, वंदना कांबळे, हातानं कागद झाकून. निघताना अक्कानं पिशवीभर शेंगा दिल्या. "आईला दे," म्हणाली.

आईनं त्या शेंगा भाजल्या. भाजता भाजता तिनं विचारलं, "नाव सांगितलंस व्हय तिला?" मी म्हणाले, "हो." "पुरं?" "हो." आईनं तव्यातला हात थांबवला. "आनि तरी आत बसवलं? जेवू घातलं?" मी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर फार कमी वेळा पाहिलं होतं. संध्याकाळी तिनं शेजारणींना शेंगा वाटल्या आणि प्रत्येकीला ती हकिगत सांगितली. बाबांना म्हणाली, "बदललं म्हनायचं की ओ जग." बाबा म्हणाले, "मी सांगत नव्हतो?" मला एकही शेंग खाता आली नाही. आई आता नाही. खरं काय ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

मग सरांनी फेरतपासणीचे कागद काढले. वर्गात सगळ्यांसमोर, गठ्ठ्यातून, न बघता. माझ्या कागदांतला नेमका तोच निघाला. पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लेथचा आवाज थांबला की मला वाटायचं, कुणीतरी दारात आलं. कधी वाटायचं सर अक्काला सांगतील, कांबळ्यांची पोरगी तुमच्या चुलीपाशी बसली होती, आणि गावातून माणसं येतील. कधी वाटायचं अक्का सरांना सांगेल आणि सर वर्गात माझं नाव घेऊन विचारतील. आधीच जाऊन अक्काचे पाय धरावेत म्हणून एकदा मी कागलच्या गाडीत चढलेही, आणि गाडी हलायच्या आत उतरले. आईला वाटलं, अभ्यासानं पोरगी वाळली. ती मला ताटात चमचाभर तूप जास्त वाढू लागली.

सोमवारी सरांनी मला आणि शुभांगीला खोलीत बोलावलं. कागद त्यांच्यासमोर होता. "ह्या घरी मी शनिवारी जाऊन आलो," ते म्हणाले. "त्या बाई म्हणतात, पाटलाची पोरगी आली होती, हातकणंगल्याची. फार गुणाची. आणि कागदावर सही कांबळेची. आता मला सांगा, ह्या वर्गात हातकणंगल्याची पाटील कोण आहे?"

शुभांगी गोंधळली. "सर, मी त्या गल्लीत पाऊल ठेवलं न्हाय. आईशप्पथ."

"मग ही कुठं होती? घरी झोपली होती?" सरांचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू जात असणार. "मैत्रिणीसाठी दुसरीनं कागद भरायचे, आणि तिनं आयती सही ठोकायची. दोघींचाही प्रकल्प रद्द करतो. वर्ष गेलं समजा."

शुभांगी रडायला लागली. रडता रडता ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. मी गप्प राहिले असते तर दोघी बुडालो असतो. बोलले असते तर आडनाव सांगायची जी भीती मी जन्मभर झाकत आले ती त्या टेबलावर येऊन पडणार होती. मी बोलले ते शुभांगीमुळं. मोठं धैर्य वगैरे काही नव्हतं.

"सर, मुलाखत मीच घेतली. आडनाव खोटं सांगितलं."

"का?"

मी समोरच्या कागदाकडे बघितलं. सरांनी कागद जवळ ओढला. ते एकेक प्रश्न वाचत गेले आणि बाविसाव्याशी थांबले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "हे कुठं बसून लिहिलंस?"

"चुलीपाशी. जेवताना."

सर खुर्चीत मागं टेकले. "सगळ्या वर्गाच्या कागदांवर 'हरकत नाही' आहे," ते म्हणाले. "एकूण एक. हे एकच उत्तर मला खरं वाटतंय, आणि ते चोरीचं आहे. आपण कोण ते सांगून विचारायचं असतं, पोरी. नाहीतर ते संशोधन नव्हे, हेरगिरी झाली." त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरी अनुसूची काढून माझ्यासमोर ठेवली. "परत जा. नाव सांग. तोच प्रश्न विचार. जमत नसेल तर हा कागद फाडतो." सर चुकले की बरोबर, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही. मी माझ्या विद्यार्थिनीला असं एकटीला पाठवलं नसतं. पण माझ्यासमोरही पुढं खोटे कागद आले, तेव्हा पुन्हा त्याच दारी पाठवण्याखेरीज मला दुसरा काही उपाय सुचला नाही, हेही खरं.

जिन्यात शुभांगी म्हणाली, "आमचं आडनाव घेतलंस ते घेतलंस, इचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

ती दोन पायऱ्या उतरली आणि म्हणाली, "म्हाईत न्हाय." पण दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर गाडीत बसली. गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, हितनं पुढं तू जा.

दार उघडंच होतं. अक्का सोप्यात धान्य पाखडत होती. मला बघून ती उठलीच. "आलीस व्हय! तुजं सर येऊन गेलं की. ये, आत ये." मी उंबऱ्याशी थांबले. पाठ केलेलं वाक्य होतं, ते मी भराभर म्हणून टाकलं. "अक्का, मी खोटं बोलले. माझं आडनाव पाटील नाही. कांबळे."

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आधी तिनं माझ्याकडे बघितलं. मग मागं वळून आतल्या खोलीकडे, जिथं तिची सासू बसलेली असायची. ती ओरडेल, हात उगारेल, शेजाऱ्यांना गोळा करेल, हे सगळं मी गाडीत मनाशी बघून ठेवलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. ती नुसती पांढरी पडली. मला काय करावं कळेना, म्हणून जे करायला पाठवलं होतं तेच केलं. कोरा कागद काढला आणि बाविसावा प्रश्न पुन्हा वाचला.

"आमची काय हरकत न्हाय," अक्का म्हणाली. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. "लिव की. आताच्या काळात कोन मानतंय तसलं!" मग ती उंबऱ्यापर्यंत आली. इतकी जवळ, की तिच्या हाताला लागलेला कोंडा मला दिसत होता. ती पुटपुटली, "तू खरी कुनाची त्ये अव्वास्नी कळू देऊ नगंस. कुनालाच सांगू नगंस. मला ह्या घरात नांदायचं हाय गं."

मी "नाही सांगत" म्हणाले. मनगट घट्ट धरणाऱ्या माझ्या आईची भीती मला ठाऊक होती. तशीच भीती उंबऱ्याच्या आतही असते, हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात आतून म्हातारीची हाक आली, "कोन हाय गं?" "कुनी न्हाय," अक्का म्हणाली आणि आत गेली.

बसायला जागा नव्हती. मी कागद बाहेरच्या भिंतीला लावला आणि तसंच लिहिलं. बाविसाव्या प्रश्नापुढं तिनं सांगितलं तेच: हरकत नाही. खाली पूर्ण नावानं सही केली, या वेळी हातानं न झाकता. दोन्ही कागद सरांनी पुढं मला परत दिले, ते अजून माझ्या कपाटात आहेत. पहिल्यावर निरीक्षणांचा चौकोन कोरा आहे. दुसऱ्यावर, ज्यात फक्त दिसेल तेवढंच लिहायचं असं आम्हांला शिकवलं होतं, त्या चौकोनात माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ आहे: 'मुलाखत उंबऱ्याबाहेर, उभ्यानं झाली.'